शिक्षकांच्या 50 तासांना वेळापत्रकात जागा द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईतल्या बहुतेक शाळांत नव्या वर्षाचे वेळापत्रक शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात तयार होते. कोणाकडे कोणता वर्ग, कोणाच्या किती तासिका, प्रयोगशाळा कोणत्या वारी, हे सगळे त्या एका तक्त्यावर ठरते. शिक्षकांनी शिकवण्याविषयी शिकायचे कधी, याचा रकाना मात्र त्यात नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. आज हे तास भरले जातात ते कधी सत्र ऐन रंगात असताना वर्ग सोडायला लावून, कधी सुटीत, तर कधी रात्री घरी 'दीक्षा' या सरकारी पोर्टलवरचा व्हिडिओ चालू ठेवून स्वयंपाक करता करता. प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या दिवशी सातवी 'ब' मधला अपूर्णांकांचा पाठ काल होता तसाच होतो.

यात शिक्षकांचा आळस शोधण्यात अर्थ नाही. दोष रचनेत आहे. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद साहित्य तयार करते, राज्यस्तरावरचे सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, ते शिकतात, ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात, आणि तिथून ते शिक्षकांपर्यंत उतरते. प्रत्येक पायरीला दिवस कमी होतात. ज्याला पाच दिवस मिळाले त्याला पुढे दोनच दिवस मिळतात. दोन दिवसांत सगळ्या स्लाइड दाखवून होतात, पण प्रत्येक शिक्षकाने उभे राहून पाच मिनिटे शिकवून पाहणे, ते इतरांनी तपासणे आणि पुन्हा करणे यासाठी वेळ उरत नाही. त्यामुळे सर्वांत आधी गळतो तो सराव. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी संशोधकांनी 1980 पासून हेच दाखवून दिले आहे : तत्त्व समजावले, प्रात्यक्षिक दाखवले, तरी ते शिक्षकाच्या वर्गात फारसे उतरत नाही. वर्गात जाऊन पाहणारा, बोलणारा आणि पुन्हा येणारा सहकारी मिळाला की उतरते.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे विषयांची यादी आखडती घ्यावी. एका सत्रात एकच कौशल्य. सुरुवात कशाने करावी असे विचारले तर माझे उत्तर ठाम आहे : प्रश्न विचारणे आणि सर्व मुलांची उत्तरे पाहणे. कारण मुले काय समजली आहेत हे पाठ चालू असतानाच कळले नाही, तर बाकी कोणतेही तंत्र अंधारात मारलेला बाण ठरते.

वर्गात आज काय होते? शिक्षक विचारतात, "समजलं का?" साठ गळ्यांतून एका सुरात "हो" येते. किंवा प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे तेच पाच हात वर होतात, त्यातल्या एकाचे बरोबर उत्तर मिळते आणि पाठ पुढे सरकतो. उरलेल्या पंचावन्न मुलांच्या डोक्यात काय आहे, ते सहामाहीच्या पेपरातच उघड होते. तोवर धडा मागे पडलेला असतो.

यावर पहिला उपाय थांबण्याचा. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असे दिसले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली आणि 'माहीत नाही' म्हणणारी मुले घटली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रश्न, मग मनात सावकाश तीनपर्यंत मोजणे, मग नाव. नाव आधी घेतले तर बाकीची मुले त्या क्षणी सुटतात. उत्तर आल्यावरही तितकेच थांबावे, कारण मूल पुष्कळदा पहिल्या वाक्यानंतरच खरा विचार बोलते. हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवून नाव काढण्याची पद्धत चांगली आहे. फक्त काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकली पाहिजे, नाहीतर एकदा उत्तर दिलेले मूल उरलेल्या तासाला मोकळे होते.

दुसरा उपाय सर्वांची उत्तरे एकदम पाहण्याचा, आणि त्यासाठी आपल्याकडे पाटी आहे. प्राथमिक शाळेत पाटी-पेन्सिल, माध्यमिकमध्ये वहीचे शेवटचे पान किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कोरा कागद आणि व्हाइटबोर्डचे पेन. उत्तर एक आकडा, एक अक्षर किंवा एक शब्द एवढेच असावे. लांब उत्तर साठ पाट्यांवर वाचता येत नाही. लिहून झाल्यावर पाटी उलटी छातीशी धरायची आणि शिक्षकांनी खूण केल्यावर सर्वांनी एकदम वळवायची. एकेक करून पाट्या वर आल्या की मुले हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाची पाटी पाहून आपली पुसतात. शिक्षकांनी सगळ्या वर्गावर नजर फिरवण्याऐवजी बाकांची एकेक रांग पुढून मागे पाहावी. थोड्या सवयीनंतर साठच्या वर्गाला अर्ध्या मिनिटाहून कमी लागते. पाटी नसेल तर पर्यायाच्या क्रमांकाएवढी बोटे, तीही छातीजवळ, म्हणजे मागच्याला दिसत नाहीत.

खरे कष्ट आहेत ते प्रश्न तयार करण्यात, आणि प्रशिक्षणाचा सर्वाधिक वेळ इथेच गेला पाहिजे. दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घेऊ. "0.5, 0.35, 0.125 यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?" हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो आणि तो कच्चा आहे. दशांश चिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचणारी मुले 125 मोठे म्हणून 0.125 निवडतात, ती सापडतात. पण काही मुलांची समजूत नेमकी उलटी असते : सहस्रांश हा फार लहान भाग, म्हणून ज्या संख्येत जास्त आकडे ती लहान. ही मुले 0.5 निवडतात आणि त्यांना बरोबरची खूण मिळते. चुकीचा विचार बरोबर उत्तराआड लपतो आणि पुढच्या वर्षी तो आणखी पक्का होऊन भेटतो. आता तोच प्रश्न 0.3, 0.62, 0.485 या संख्या घेऊन विचारा. पहिल्या समजुतीचे मूल 0.485 म्हणेल, दुसऱ्या समजुतीचे 0.3, आणि स्थानिक किंमत खरोखर कळलेले मूल 0.62. एका पाटीवरचा एक आकडा पाहून शिक्षकाला तीन वेगळे विचार वाचता येतात.

वजाबाकीतही तसेच. 52 मधून 27 वजा करताना 35 लिहिणारे मूल निष्काळजी नसते. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम त्याने स्वतः बनवलेला असतो आणि तो ते इमानाने पाळत असते. त्याला हातचा पुन्हा सांगून उपयोग नाही. दशकाचा एक गठ्ठा सोडून सुट्या काड्या करून दाखवाव्या लागतात. विज्ञानात विचारा की वडाच्या वाळलेल्या लाकडाचे वस्तुमान मुख्यतः कुठून आले. बहुतेक मुले माती म्हणतील, काही पाणी म्हणतील. हवेतला कार्बन डायऑक्साइड म्हणणारी थोडीच निघतील, जरी प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या सर्वांना पाठ असली तरी. मुलांच्या अशा समजुतींचा अभ्यास आणि शिक्षकांच्या कार्यशाळा हे काम करणारे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून आपल्याच शहरात आहे, आज मानखुर्दला. मुंबईच्या किती शाळांनी आपले विज्ञान-गणिताचे शिक्षक तिथे पाठवले, हे प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावे.

उत्तरे दिसल्यावर पुढे काय करायचे, हे आधीच ठरलेले हवे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात रूढ केलेली पद्धत आपल्या वर्गांनाही लागू पडते. पन्नासच्या वर्गात पंधराहून कमी मुलांचे उत्तर बरोबर असेल तर चर्चेत वेळ घालवू नये, वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवावे. पंधरा ते पस्तीस बरोबर असतील तर दोन मिनिटे शेजाऱ्याला आपले उत्तर का बरोबर ते पटवून द्यायला सांगावे आणि पुन्हा पाटी वळवायला लावावी. पस्तीसच्या वर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जावे आणि चुकलेल्या मुलांना सरावसंच सोडवताना फळ्याजवळ एकत्र घ्यावे. मधल्या प्रकारात एक धोका असतो. दुसऱ्यांदा पाटी वळवण्याआधी शिक्षकांच्या चेहऱ्यावरून किंवा "अगदी बरोबर" या शब्दांवरून उत्तर फुटले, तर चर्चा तिथेच संपते. जोडीत मुलांना हिंदी, भोजपुरी, गुजराती, ज्या घरच्या भाषेत विचार येतो त्यात बोलू द्यावे, वर्गासमोर मात्र शाळेच्या माध्यमात. महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते आणि एकेका वर्गात तीन-चार घरभाषा असतात. तिथे एवढी मोकळीक दिली नाही तर निम्मी मुले गप्पच बसतील.

पुढच्या दोन सत्रांसाठी आणखी दोन कौशल्ये सुचवतो, थोडक्यात. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे आठवण्यासाठी : चार प्रश्न, दोन कालचे, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. प्रश्न मुले येण्याआधी फळ्यावर लिहिलेले असावेत, सांगत बसले तर पाचाची दहा मिनिटे होतात. उत्तरे मुलांनी स्वतः तपासावीत, गुण नोंदवू नयेत. गुण आले की नक्कल सुरू होते आणि आठवणे थांबते. दुसरे कौशल्य गणितात सोडवलेल्या उदाहरणांचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे. दोन उदाहरणे फळ्यावर पूर्ण, तिसऱ्याची शेवटची पायरी मुलांनी लिहायची, चौथ्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या, मग पूर्ण सराव. एक उदाहरण दाखवून थेट सरावसंच दिला की मागची मुले पुढच्यांचे उतरवून घेतात, त्यांना दुसरा मार्गच नसतो.

आता वर्ग पाहण्याविषयी. पूर्ण तासिका पाहू नये, पंधरा मिनिटे पुरेत. पाहणाऱ्याच्या हातात वर्गाच्या बैठकीचा कागदी नकाशा असावा. जे मूल बोलले त्याच्या चौकटीत एक रेघ. प्रत्येक प्रश्नापुढे थांबलेले सेकंद. बस्स. 'विषयज्ञान उत्तम', 'वर्गनियंत्रण समाधानकारक' असले शेरे लिहायचे नाहीत. त्याच दिवशी पंधरा मिनिटे बसून नकाशा शिक्षकापुढे ठेवावा. खिडकीकडच्या दोन रांगांत एकही रेघ नाही हे ते स्वतः पाहतात, सांगावे लागत नाही. मग एकच बदल ठरवायचा आणि त्याच वर्गात आठवड्याच्या आत पुन्हा पाहायचे. दुसरी भेट झाली नाही तर पहिली फुकट जाते.

हा नकाशा गोपनीय अहवालाला कधीही जोडू नये. ही अट मी सर्वांत कडक मानतो. मूल्यमापनाची भीती शिरली की शिक्षक आदर्श पाठ सादर करतात, मुलांकडून उत्तरे आदल्या दिवशी घोटून घेतली जातात, आणि पाहणाऱ्याला खऱ्या वर्गातले काहीच दिसत नाही. निरीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी आपली तपासणी जरूर करावी, वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर. जपानमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एकजण शिकवतो आणि बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे पाहतात. चर्चा पाठाची होते, शिकवणाऱ्याची नाही. एवढा विश्वास आपल्या स्टाफरूममध्येही निर्माण करता येतो.

वेळ कुठून आणायचा? मुंबईत शाळा सुटल्यावर थांबा म्हणणे अन्यायाचे आहे. शिक्षक विरार, बदलापूर, पनवेलहून येतात, त्यांची लोकल ठरलेली असते, आणि दोन पाळ्यांच्या शाळेत वर्ग लगेच दुसऱ्या पाळीला द्यावा लागतो. म्हणून वेळ शाळेच्या वेळेतच काढला पाहिजे. त्याला कायद्याचा आधारही आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरले आहेत आणि त्यात तयारीचे तास अंतर्भूत आहेत.

माध्यमिक शाळेत एकाच विषयाच्या चार शिक्षकांना आठवड्यात एक सामाईक रिकामी तासिका द्यावी. त्या तासिकेला त्यांच्या चार वर्गांपैकी दोन तुकड्यांचे शारीरिक शिक्षण एकत्र, एक तुकडी चित्रकलेला, एक ग्रंथालयात, अशी मांडणी करता येते. मैदान नसलेल्या शाळा आपल्या शहरात पुष्कळ आहेत, तिथे सभागृह वापरावे लागेल. ही मांडणी जूनमध्ये केली तरच जमते. ऑगस्टमध्ये तक्ता हलवायला गेले की सगळ्यांच्या तासिका कोलमडतात. प्राथमिक शाळेत वर्गशिक्षकच सगळे विषय घेतात, तिथे चारऐवजी दोघांची जोडी करावी आणि एक वर्ग मुख्याध्यापकांनी सांभाळावा. बदली तासासाठी शिक्षक कमी पडले की ही तासिका सर्वांत आधी बळी जाईल. म्हणून ती 'रिकामी' असे न लिहिता वेळापत्रकात 'अभ्यासगट' म्हणून छापलेली असावी.

35 मिनिटांची एक तासिका, वर्षाचे 35 आठवडे, म्हणजे 20 तासांच्या किंचित वर. पंधरवड्याला अर्धा तास वर्ग पाहणे आणि त्यावर बोलणे, नव्या शिक्षकांसाठी थोडे जास्त, असे 10 तास. सभागृहातल्या प्रशिक्षणाचे दोन दिवस, सहा तासांप्रमाणे 12. उरलेले 8 तास विषयज्ञानाच्या कार्यशाळेला किंवा ऑनलाइन घटकांना. 50 पूर्ण होतात, आणि सुटी व रात्र शिक्षकाची त्याच्याकडेच राहते.

त्या 35 मिनिटांत पहिली पाच मिनिटे मागच्या आठवड्याच्या प्रश्नाचे काय झाले यासाठी. पुढची पंधरा मिनिटे मुलांच्या दहा खऱ्या वह्या टेबलावर मांडून चुकांचे गठ्ठे करायला : एकाच विचारातून आलेल्या चुका एका गठ्ठ्यात. दहा मिनिटे पुढचा प्रश्न रचायला. शेवटची पाच मिनिटे एकाने तो प्रश्न सहकाऱ्यांसमोर प्रत्यक्ष विचारून पाहायला. इतिवृत्त तीन ओळींचे. ही बैठक हमखास बिघडते ती सूचनांमुळे : शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार नोंदणी, स्नेहसंमेलनाची वर्गणी. त्या व्हॉट्सॲपवर टाकाव्यात, या तासिकेत एकही नाही.

निवडणूक आणि जनगणनेच्या कामांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नेच वाट ठेवली आहे, त्यामुळे ती टळणार नाहीत. त्यातही या रचनेचा फायदा आहे. आठवड्याची एक बैठक बुडाली तर 35 मिनिटे बुडतात, पाच दिवसांचे शिबिर हुकले तर वर्ष जाते.

एक आक्षेप नेहमी येतो : आमच्या वर्गात सातवीतल्या काही मुलांना धड वाचताच येत नाही, त्यांना दशांश काय विचारायचे? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही मुंबईतच शोधले गेले आहे. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने या शहरातल्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच तरुणींना 'बालसखी' म्हणून नेमले. त्या तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांचे छोटे गट रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवत. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या कामाची काटेकोर चाचणी झाली, निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले, आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागच्या मुलांना झालेला दिसला. त्या अभ्यासाच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना 2019 मध्ये नोबेल मिळाले. शिक्षकाने यातून घ्यायचे ते एवढे : मुलाला इयत्तेनुसार नाही, सध्याच्या पातळीनुसार गटात बसवणे. त्यासाठी अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढे एक पान पुरते. एका मुलाला पाच मिनिटे. रोज आठ मुले घेतली तर चाळीसचा वर्ग पाच दिवसांत होतो. ही तपासणी जूनमध्येच व्हावी आणि गट दर सहा आठवड्यांनी बदलावेत. गट कायमचे झाले की मुलांवर शिक्का बसतो आणि शिक्षकही त्या गटाकडून अपेक्षा करणे सोडून देतात.

महापालिकेचा शिक्षण विभाग, मुंबईचे तिन्ही शिक्षण निरीक्षक आणि खासगी संस्थांची व्यवस्थापने यांच्याकडे मागण्या तीन आहेत. येत्या जूनच्या वेळापत्रकात 'अभ्यासगट' ही तासिका सक्तीची करावी आणि तपासणीच्या वेळी वेळापत्रकाची प्रत पाहून तिची खात्री करावी. सभागृहातल्या प्रशिक्षणात एका सुलभकामागे तीसहून अधिक शिक्षक नसावेत आणि निम्मा वेळ शिक्षकांनी स्वतः शिकवून पाहण्यासाठी राखावा. आणि 12 व 24 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी जे प्रशिक्षण लागते, त्यात अभ्यासगटाचे आणि वर्ग पाहण्याचे तास ग्राह्य धरण्याची शिफारस या तिघांनी राज्य शासनाकडे करावी. पुरावा म्हणून मुलांच्या उत्तरांचे दहा नमुने आणि त्यावरून बदललेला पाठ जोडायला सांगावा. असे प्रकरण सादर करणाऱ्या शिक्षकाला वेगळ्या परीक्षेची गरज राहू नये.

आपला,
एक शिक्षक-प्रशिक्षक, परळ, मुंबई